निळीच्या पाण्याचा इंजिनिअर

आमच्या मारेगावात फवारणीचे पंप दुरुस्त करणारे बरेच आहेत, पण दुरुस्त केलेला पंप स्वतःच्या पाठीवर घेऊन भर बाजारातून बसस्टँडपर्यंत चक्कर मारणारा नईम एकटाच. टाकीत पाणी भरणार, त्यात कपड्यांची नीळ घालणार, अंगात पांढरा शर्ट चढवणार आणि निघणार. परत आला की माझ्या दुकानासमोर पाठ करून उभा. "काका, पाठ पाहा." निळा ठिपका दिसला की पंप पुन्हा खोलायचा. गिऱ्हाईक बोंबलत बसलं तरी चालेल.

मी शेजारचा शिंपी. त्याचे शर्ट मीच शिवतो, म्हणून पाठ पाहायचा मान माझा. एकदा त्याच्यासाठी उठता उठता एका बाईचं ब्लाउज वाकडं कापलं गेलं आणि तिनं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या रागात मी न पाहताच 'कोरडी आहे' म्हणून टाकलं. नईमनं शर्ट काढून पाहिला, तर सुपारीएवढा डाग. तीन दिवस बोलला नाही माझ्याशी.

दुकान त्याच्या अब्बांचं, रहीमचाचांचं. चाचांनी पोराला इंजिनिअर केलं. पोरगा पुण्याला कंपनीत लागला, काचेच्या इमारतीत आठ वर्षं बसला, आणि एक दिवस बॅग घेऊन आला तो थेट अब्बांच्या शेजारी गोणपाटावर. गाव म्हणालं, कंपनीनं हाकललं असेल. महिनाभरानं एके सकाळी चाचांनी त्याच्या हातात पाना दिला.

नईमचा एक प्रश्न ठरलेला. "यात फायदा कोणाचा?" पुढाऱ्याचं बॅनर पाहिलं की हा प्रश्न, लग्नाची पत्रिका दिली तरी हाच. मुलीकडचे बघायला आले तेव्हा त्यांनी पगार विचारला आणि यानं उलट तोच प्रश्न टाकला. लोक चहा अर्धा ठेवून उठले. मी त्याला म्हटलं, गाढवा, अशानं बिनलग्नाचा मरशील.

मग एका शुक्रवारी नमाज पढून आला आणि माझ्या मशीनजवळ बसून आपणहून सांगू लागला. कंपनीचं मोबाइलवर शेतीचा सल्ला देणारं ॲप होतं. सल्ला फुकट, पण औषध खपलं की कंपनीला वाटा. बोंडअळीची वर्षं, कापूसवाले आधीच धास्तावलेले. नईमचं काम एवढंच, की माणूस आजच औषध घेईल असा मेसेज तयार करायचा. बरेच करून पाहिले, त्यातला एक चालला. 'तुमच्या शेजाऱ्यानं फवारणी केली. तुम्ही?' शेजाऱ्यानं खरंच केली का, ते कोणीच पाहिलं नव्हतं. औषध धडाधड खपलं. कंपनीत केक कापला, याच्या गालाला क्रीम फासलं.

त्याच संध्याकाळी चाचांचा फोन आला. त्यांच्याकडे पंप आणणारा सुकदेव विषबाधेनं गेला होता. आठवड्यात दुसऱ्यांदा फवारणी, वारा पडलेला, टाकी गळकी, दुपारभर औषध पाठीवरून ओघळत राहिलं. पुन्हा कायले फवारलं, असं चाचांनी त्याच्या भावाला विचारलं, तर म्हणे मोबाइलवर आलं होतं.

"मले वाटे, मी शेतकऱ्याचं भलं करून राह्यलो," नईम म्हणाला. "मी भेव विकून राह्यलो होतो, काका."

सुकदेवच्या घरी जाऊन हे कबूल करायचं, म्हणून तो गावी परतला होता. पण दोन वर्षं झाली तरी सायकल त्यांच्या गावच्या नाल्यापर्यंत जायची आणि माघारी यायची. मला त्याची कीव यायची आणि चीडही यायची.

यंदा भादव्यात सुकदेवची बायको शेवंताच दुकानात आली, तोच पंप घेऊन. शेत आता ती करते. नईमनं वायसर बदललं, पट्टा बदलला, तीन चकरा मारल्या. पाठ कोरडी होती, मी नीट पाहिली. तरी हा पंप खाली ठेवीना. शेवटी मीच खेकसलो, की त्या बाईला गाडी गाठायची आहे, काय ते बोलून मोकळा हो.

"वहिनी," तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "तो मेसेज म्या लिवला होता."

मला वाटलं, ही आता पंपाची नळी याच्या डोक्यात घालते.

"त्यायले कुठं वाचता येत होतं," ती म्हणाली. "म्याच वाचून दाखवला. ते म्हणे, आज राहू दे, अंग दुखून राह्यलं. म्या म्हटलं, शेजारी फवारून राह्यले अन तुमी झोपा."

नईमनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"वहिनी, तुमी तसंच म्हणावं म्हणूनच तो मेसेज तसा लिवला होता. तेच माहं काम होतं. तुमची चूक नाई."

"दोन वर्षं झाले," शेवंता म्हणाली. "मले हे कोणीच सांगतलं नाई."

आणि ती माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली, तोंडात पदर कोंबून भर बाजारात रडू लागली. नईम तिच्यापासून दोन हातांवर, खाली मातीत बसून राहिला. तिची गाडी आली आणि गेली, पण तिला उठवायला मी गेलो नाही.