वाघमारे सरांचा लवणस्तंभ

दर रविवारी सकाळी नऊ वाजता वाघमारे सर वरच्या मजल्यावरून स्टूल घेऊन खाली येतात, ते माझ्या पोर्चमध्ये मांडतात, त्यावर चढतात आणि माझं छत मोजतात. छताला करंगळीएवढी एक पांढरी नळी लोंबते. पट्टीनं तिची लांबी मोजायची आणि आमच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, पेन्सिलीनं लिहायची, हा त्यांचा चार वर्षांचा नेम आहे.

नळी म्हणजे सरांच्या मोरीतल्या गळतीचं फळ. कळंबमध्ये दुसऱ्या कुणाच्या मोरीचं पाणी शेजाऱ्याच्या डोक्यावर गळलं असतं, तर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं असतं. सरांनी मला पेढे आणून दिले. म्हणाले, "पोरी, तुझ्या घरात लवणस्तंभ जल्मलाय!"

सर नववीला आम्हाला भूगोल शिकवायचे. आपला अख्खा जिल्हा काळ्या पाषाणावर बसलेला, आणि सरांचा जीव मात्र चुनखडकावर. येडशीला रामलिंगाच्या सहलीत आम्ही माकडांपासून डबे वाचवत होतो, आणि सर दरीकडं बघून हळहळत होते, "हितं चुनखडक आसता तर ही नदी जमिनीखालून गेली आसती!" सोनारीच्या यात्रेतही त्यांनी भैरवनाथापुढं हात जोडून हेच म्हटलं असणार, अशी मला दाट शंका आहे.

लवणस्तंभांचा धडा शिकवताना त्यांना पुस्तक लागायचं नाही. "पावसाचं पाणी हवेतला, मातीतला वायू पितं. जरासं आंबट व्हतं. मग भेगांत शिरून चुनखडक इरघळवतं. भेगांच्या गुहा व्हतात. गुहेच्या छताला थेंब लोंबतो, त्यातला वायू उडून जातो अन् कणभर चुना मागं ऱ्हातो. कणाकणानं वरून एक खांब उतरतो, खालून एक चढतो. हजारो वर्सं लागतात. घाई न्हाय."

ही "घाई न्हाय" त्यांची सगळीकडं चालते. एसटी सुटली, घाई न्हाय. गॅस संपला, घाई न्हाय.

मी एकदा वर्गात विचारलं होतं, "सर, तुम्ही बघितलाय का लवणस्तंभ?" सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "व्हय." मग गुहेतला गारवा, थेंबांचा आवाज आणि त्यांच्या कपाळावर पडलेला एक थेंब, असं सगळं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या शाळांच्या सरांनी गुहा पुस्तकात वाचल्या होत्या, आमच्या सरांनी पाहिल्या होत्या! हे मी सासरी सांगितलं, बँकेत सांगितलं, ऐकेल त्याला सांगितलं. मला अजूनही त्याचा ताठा आहे.

गेल्या महिन्यात छताचा गिलावा पडून आतली सळई दिसायला लागली. आमच्या यांनी गवंड्याला बोलावलं. वर मोरीला नवा कोबा करायचा, खालचा पोकळ गिलावा फोडायचा. मला वाटलं, सर भांडतील. ते म्हणाले, "काम झालंच पायजे, सळई गंजली तर छत खाली येईल." पण गवंडी युनूसभाईंनी छन्नी लावली तसे ते घाईनं जिना उतरले. सरांना घाईत मी पहिल्यांदाच पाहत होते.

"पाच मिंटं थांबा," ते युनूसभाईंना म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "पोरी, तू नववीत मला एक इचारलं व्हतंस. म्या व्हय म्हणलो. ते खोटं व्हतं. घरची सहा तोंडं, म्या कुठं गुहा बगायला जाणार? पर तू असं डोळे मोठे करून बगत व्हतीस, न्हाय म्हणवंना. मग तू गावभर सांगत सुटलीस. तू सांगितलंस की लई लाज वाटायची."

दर रविवारची ती पट्टी कशासाठी होती, ते मला आत्ता कळलं.

युनूसभाईंनी छन्नी खाली केली. "सर, ये असली है क्या?"

"शिमिटातल्या चुन्याचा हाय," सर म्हणाले. "डोंगरातल्याचा धाकटा भाऊ. म्हणून चार वर्सांत एवढा वाढला. पर जल्मल्यापास्नं म्या सोता बगितलाय."

त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि नळीखाली जाऊन मान वर केली. टोकाला थेंब धरत होता. युनूसभाई हातोडा घेऊन उभे, मी चष्मा घेऊन उभी. थेंब फुगला, थरथरला, पडेना.

"सर, स्टूल देऊ का?" मी विचारलं.

"घाई न्हाय," सर म्हणाले.

थेंब बरोबर त्यांच्या कपाळावर पडला. त्यांनी तो पुसला नाही. "आता सांग कुणालाबी," ते म्हणाले. मी चष्मा परत दिला आणि युनूसभाईंना सांगितलं, नळीभोवतीची वीतभर जागा सोडून बाकीचं छत फोडा.