टाकीतले सभासद

सात वर्षं परदेशात प्रवाळांचा अभ्यास करून वेंगुर्ल्याला परतताना शाल्मलीला वाटलं होतं, बाबांच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत माजलेली मऊ प्रवाळं आपण दोन दिवसांत छाटून टाकू; घरी आल्यावर कळलं की ती सोसायटीची सभासद झाली आहेत आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय त्यांना कात्री लावता येत नाही.

"काय करतलंव गो," अध्यक्ष मुणगेकरकाका म्हणाले. "फ्लॅटवाले सगळे मुंबईला. कोरम होईना. ही निदान हजर असतात."

मऊ प्रवाळांच्या देठांना हाताच्या पंजासारखे झुबके असतात. ते दिवसभर उघडतात, मिटतात. सभेत उघडलेला झुबका म्हणजे वर झालेला हात, त्यामुळे वर्षभरातला प्रत्येक ठराव एकमताने मंजूर झाला होता. खडक व्यापत ती आता आईच्या प्रवाळापासून बोटभर अंतरावर आली होती. आईने ते कठीण प्रवाळ सुपारीएवढं असताना आणलं होतं. आई गेली, ते नारळाएवढं झालं. त्याला हात नव्हते, म्हणून सभासदत्वही नव्हतं. गणपतीपर्यंत ते झाकलं जाणार आणि झाकलं की मरणार.

रविवारी टाकीसमोर सभा भरली. शाल्मली कळकळीने बोलली. उजेड सर्वांचा आहे, असं म्हणाली. मग काकांनी विचारलं, "छाटणीच्या बाजूने कोण?"

टाकीतले सगळे हात वर झाले.

"मंजूर," म्हणत काका वही मिटू लागले.

"विरोधात कोण, तेही विचारा ना."

"तां आपण विचारत नाय, बाय."

"न विचारता त्याला मतदान कसं म्हणायचं, काका?"

काकांनी नाइलाजाने विचारलं. तेच हात पुन्हा वर झाले. छाटणी मंजूर आणि नामंजूर, दोन्ही एकमताने, अशी नोंद करून काकांनी चहा घेतला.

"गप्प बसली असतीस तर तुझ्या आईचं प्रवाळ वाचलं असतं," बाबा म्हणाले.

"त्यांनी स्वतःच्याच छाटणीला हात वर केले, बाबा. तेवढ्यावर कात्री कशी चालवू?"

बाबांनी टाकीचा दिवा बंद केला.

सकाळी शाल्मलीने सोसायटीचे नियम वाचून काढले. जागा बदलायला ठराव लागत नव्हता. शेजाऱ्यांना कळवलं की पुरे. तिने कात्री कपाटात ठेवली आणि आईचं प्रवाळ पलीकडच्या कोपऱ्यात, मोकळ्या वाळूत हलवायचं ठरवलं. तिथे उजेड जेमतेम होता, पण मऊ प्रवाळं सहसा वाळू ओलांडत नाहीत. मग काचेपाशी उभी राहून तिने सगळ्यांना तसं कळवलं.

सगळ्यांनी हात वर केले.