रविवारची साखर

दीर्घकालीन आजाराचं योग्य व्यवस्थापन केलं तर तो आयुष्यभर टिकतो, ही आधुनिक वैद्यकशास्त्राने मानवजातीला दिलेली फार मोठी खात्री आहे. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी आजार यायचा आणि एक तर तो जायचा, नाही तर माणूस जायचा. या बेशिस्तीला आता आळा बसला आहे.

मिनेसोटाच्या उत्तरेला हॅल्व्हर लेक नावाच्या गावात राहणारे आर्विड नॉर्डहाइम हे या प्रगतीचे समाधानी लाभार्थी होते. उभं आयुष्य त्यांनी रस्त्यावरचा बर्फ हटवणारा सरकारी ट्रक चालवला. मग ते निवृत्त झाले, मग त्यांच्या पत्नी लव्हॉन वारल्या आणि त्यानंतर मधुमेह झाला. (डॉक्टरांच्या मते तो बराच आधीपासून घरात होता, फक्त कुणी ओळख करून दिली नव्हती.)

मुलगी ट्रूडी फीनिक्सला आणि मुलगा डीन सिअ‍ॅटलला. दोघंही प्रेमळ. नाताळ, थँक्सगिव्हिंग आणि वाढदिवस या दिवशी प्रेमळ मुलं जसा फोन करतात तसा ती न चुकता करत. मधल्या दिवसांत आर्विड यांच्याकडे काही घडत नसे, त्यामुळे विचारण्यासारखंही काही नसे.

मग डॉक्टर पेट्राकिस यांनी त्यांच्या दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवला. तो साखर दिवसरात्र मोजतो आणि रुग्णाच्या फोनला कळवतो. रुग्णाचा फोन ती नातेवाइकांना कळवतो. वडिलांच्या मनात काय चाललंय हे समजण्याची सोय विज्ञानाने अजून केलेली नाही, पण रक्तात काय चाललंय ते आता तीन राज्यांत एकाच वेळी समजतं. साखर ठरलेल्या रेषेच्या वर गेली की ट्रूडीच्या फोनमधून आगीच्या बंबासारखा आवाज निघे.

पहिल्याच रविवारी तो निघाला. चर्च सुटल्यावर आर्विड बेव्हच्या कॅफेत गेले होते आणि सगळे खातात म्हणून त्यांनीही कॅरमल रोल खाल्ला होता. (पाकात बुडवलेल्या गोड पावाचा हा रोल साधारण विटेएवढा असतो आणि पोटातही तसाच बसतो.) घरी येऊन बूट काढतात न काढतात तोच ट्रूडीचा फोन. काय खाल्लं, का खाल्लं, सोबत पाणी तरी प्यायलात का. ती बराच वेळ रागावली. मग थंडावली आणि अंगणातल्या निवडुंगाला फूल आल्याचं तिने सांगितलं. मग मुलगी गाडी शिकतेय आणि शेजाऱ्यांचं कुंपण आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, हेही सांगितलं. तिच्यामागोमाग डीनचा फोन आला. तोही आधी रागावला आणि मग गळक्या छताबद्दल बोलला.

आर्विड विचारी गृहस्थ. एकदा घडलेल्या गोष्टीवरून निष्कर्ष काढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा रोल खाल्ला. निष्कर्ष तोच निघाला. वैद्यकीय संशोधनाची पद्धत हीच असते. तिथे फक्त आधी उंदरांना खायला घालतात.

यानंतर त्यांनी आपली दिनचर्या आखून घेतली. सोमवार ते शनिवार ते क्लिनिकचे आदर्श रुग्ण असत. उकडलेली ब्रोकोली खात, बाहेर बर्फ असला की शाळेच्या व्यायामशाळेत गोल गोल चालत, आणि कुणी बिस्किट पुढे केलं तर त्याच्याकडे दयेने बघत. रविवारी उपचार बदलत.

कॅफेत त्यांच्या समोर बसणाऱ्या व्हर्जिल या शेजाऱ्याने हे बरेच आठवडे पाहिलं. शेवटी न राहवून त्याने विचारलं, “हा रोल तुला आवडतो तरी का रे?”

“छे,” आर्विड म्हणाले. “घशाखाली उतरत नाही. फार गोड असतो.” आणि त्यांनी पुढचा घास घेतला.

डॉक्टर पेट्राकिस यांना साखरेच्या आलेखात सहा दिवस माळरान आणि सातव्या दिवशी डोंगर दिसू लागला. रविवारी काय असतं, असं त्यांनी विचारलं. चर्च असतं, असं आर्विड यांनी खरं ते सांगितलं. चर्चवर औषध नसल्यामुळे डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा पोटात टोचायची नवी सुई सुरू केली.

ही सुई म्हणजे खरोखर चमत्कार आहे. भूक मंदावते, वजन उतरतं, साखर जागची हलत नाही. थोड्याच दिवसांत आर्विड यांना अर्धासुद्धा रोल संपेना आणि जेवढा संपे त्याने आकडा काही केल्या वर चढेना. ते स्वयंपाकघरात फोनसमोर बसून राहत. एकदा त्यांनी आशेने वर मेपलचा पाकही घेतला. आकडा थोडा हलला, आपण कुठे निघालोय हे त्याला आठवेना, आणि तो परत खाली बसला. ट्रूडीने फोनवर शाबासकीचा अंगठा पाठवला. डीनने दोन पाठवले.

उपचार यशस्वी झाले होते.

जानेवारीत तळं घट्ट गोठलं तेव्हा व्हर्जिल आणि आर्विड नेहमीसारखे बर्फावरच्या लाकडी खोपटात मासे धरायला गेले. आर्विड यांचा फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिला. तळ्यावरून सेन्सरचा संदेश तिथवर पोहोचणं शक्य नव्हतं आणि ट्रूडीच्या फोनवर शब्द उमटले, ‘माहिती उपलब्ध नाही’. आकडा वाईट असला तर मुलं रागावतात. आकडाच नसला तर विमानाचं तिकीट काढतात. तिने वडिलांना फोन लावला, मग व्हर्जिलला (तो त्याच खोपटात होता आणि तिथे त्याच्या फोनला रेंज नव्हती), मग शेरीफच्या कचेरीला. दिवस कलताना एक तरुण शिपाई स्नोमोबाइलवरून तळ्याच्या मधोमध आला आणि त्याने खोपटाचं दार वाजवलं.

“नॉर्डहाइम कोण?” त्याने विचारलं. “तुमच्या मुलीला तुमची साखर हवी आहे.”

दुसऱ्या दिवशी फीनिक्सच्या हवेला शोभेल असं जाकीट घालून ट्रूडी स्वतःच दारात उभी राहिली. वडील धडधाकट आहेत हे पाहून आधी तिला हायसं वाटलं आणि मग संताप आला. पण आलीच होती म्हणून आठवडाभर राहिली. दोघांनी लव्हॉनचं शिवणकामाचं कपाट आवरलं, अर्धी राहिलेली गोधडी पाहून आळीपाळीने खिडकीबाहेर बघितलं, आणि संध्याकाळी पत्ते खेळले. आर्विड भरपूर जेवले. आकडा एकदाही हलला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी जेवणानंतर ती फोनवर मागचे सगळे आलेख बघत बसली होती.

“बाबा, हे डोंगर सगळे रविवारीच कसे?”

आर्विड पत्ते पिसत राहिले. “रोल खायचो.”

“पण तुम्हाला गोड आवडत नाही. तुमच्या केकवरचं क्रीम आई खरवडून काढायची.”

“खाल्ला की तू फोन करायचीस.”

ट्रूडीने फोन टेबलावर पालथा ठेवला. ती म्हणाली, “तुम्ही नुसता फोन करायचा होता ना.”

“आणि काय सांगायचं?” आर्विड यांनी पत्ते वाटायला घेतले. “मी बरा आहे म्हणून?”

ट्रूडीने आपले पत्ते उचलले, पण ते उलटे, वडिलांकडे तोंड करून धरले होते हे तिच्या लक्षात आलं नाही. आर्विड यांच्या आलं, पण त्यांनी ते बघितले नाहीत.

ट्रूडी आता दर रविवारी फोन करते. निवडुंग, कुंपण आणि मुलीची गाडी यांची ताजी स्थिती कळवते. डीनला तिने काय सांगितलं कोण जाणे, पण तोही गुरुवारी करतो आणि छताबद्दल वडिलांचा सल्ला घेतो. (तो पाळत नाही, त्यामुळे विषय संपत नाही.) कॅरमल रोल आर्विड यांनी कायमचा सोडला.

वसंतातल्या तपासणीत त्यांचे आकडे इतके सुरेख आले की डॉक्टर पेट्राकिस यांनी ते एका परिषदेत मांडले. यशाचं सगळं श्रेय नव्या सुईला देण्यात आलं. आर्विड यांनी शिष्टाचार म्हणून दुरुस्ती सुचवली नाही.

तात्पर्य, शास्त्र पुढे चाललं आहे. ज्या वाचकांच्या आईवडिलांची साखर, रक्तदाब वगैरे सर्व काही सध्या ताब्यात आहे, त्यांचं मनःपूर्वक अभिनंदन. आईवडिलांना फोन करण्याचं आता काहीच कारण नाही.