माणशी सत्तावीस रुपये

साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, जेवण उरकलं. आमरसाच्या दोन-दोन वाट्या रिचवून पैनगंगेपलीकडची सोयरेमंडळी मांडवात टेकली होती. आता नवरीला बोलवायचं, कुंकू लावायचं आणि बंड्या जुंपायच्या, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात मुलाचे वडील अमृतराव यांनी घसा खाकरला.

"बाकी समदं पसंत हाय, इवाईबुवा. पन पोरीच्या डोक्यावर जे सत्तावीस रुपये सरकारी कर्ज हाय, ते कोन भरन?"

नवरीचे वडील चंपतराव यांचा अडकित्ता सुपारीवरच थांबला.

चंपतराव हे नदीअलीकडच्या जैनथचे किराणा दुकानदार. मीठ-मिरची विकणं हा त्यांचा धंदा आणि सरकारला झोडपणं हा शौक. ते साल छप्पन. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार आणि आपण आंध्रात जाणार, हे नक्की झालं होतं. त्यामुळे बोलायला विषयांची सुगी होती. बाजाराच्या दिवशी ते दुकानाच्या ओट्यावर उभे राहत आणि सरकारी खर्चाची सालं काढत. तहसीलदाराची जीप, कचेरीचा चुना, काही सुटत नसे. महिन्यापूर्वी ऐन भाषणात समोर एक माणूस जांभई देताना दिसला आणि चंपतरावांनी ठोकून दिलं, "राज्य मोडून राह्यलं, पन कर्ज मोडत नाई! मानशी सत्तावीस रुपये! पाळन्यातल्या लेकराच्या डोक्यावरबी!"

जांभई अर्ध्यावर राहिली. सत्तावीसच का, हे चंपतरावांनाही ठाऊक नव्हतं. आकडा तोंडात नीट बसला, एवढंच. तो नदी उतरून होणाऱ्या व्याह्यांच्या कानी जाईल, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"ते भाषन होतं, इवाईबुवा," चंपतराव कसंनुसं हसले.

"म्हंजे खोटं बोल्ले?" बायकांतून आवाज आला. शेजारच्या मळ्यात भाजीपाला पिकवणारी प्रयागबाई होती ती. "मी वांगे इकून नऊ रुपये जमवले. तहसीलात गेली, म्हनलं माह्या डोक्यावरच्यातले एवढे घ्या अन् रसीद द्या. पेशकार म्हने, बाई, असं खातंच नाई. अन् आता तुमी म्हन्ता भाषन?"

सारा गाव मांडवात होता. खोटं म्हणावं तर गावात तोंड दाखवायची सोय उरणार नाही. खरं म्हणावं तर सोयरीक मोडते. चंपतरावांनी तिसरी वाट काढली.

"आकडा खराच हाय. पन कर्ज राज्याचं. पोरगी नदी उतरली का तिचं कर्ज इकडंच रायते. तुमाले तोशीस नाई."

अमृतरावांचा चेहरा खुलला. पण मांडव उसळला.

"इकडं म्हंजे कोनाच्या डोक्यावर?" प्रयागबाई पदर खोचून उभी राहिली. "यंदा गावच्या अकरा पोरी नदीपार चालल्या. अकरा जनीचं आमी भरावं काय?"

"भरा लागन! सरकारनं खर्च केला तो कोनासाठी? शाळा झाली, दवाखाना झाला, सडक झाली. फुकट होते काय? अन् जीप नाई, तं तहसीलदारानं काय पायी फिरावं?"

स्वतःचं बोलणं ऐकून चंपतरावांच्याच अंगावर काटा आला. महिनाभर त्यांच्या भाषणांना टाळ्या वाजवणारी माणसं आता त्यांच्याकडे, जणू तहसीलदारच धोतर नेसून आलाय, अशा नजरेनं बघत होती.

"गावात एकमत नाई. आमी निंगतो," म्हणत अमृतरावांनी टोपी डोक्यावर ठेवली. आत नवरी मुलगी, देवका, मुसमुसू लागली. तेव्हा दाराआडून चंपतरावांच्या बायकोचा, मथुराबाईंचा आवाज आला.

"थांबा, इवाईबुवा. तुमच्याकडं मानशी किती हाय?"

अमृतरावांची छाती फुगली. तेही आपल्या गावचे नावाजलेले वक्ते होते. "बेचाळीस! म्या सोता भरसभेत सांगतलं. बेचाळीस रुपये, वरून याज!"

"मंग सत्तावीसची पोरगी मी बेचाळीसच्या घरात काऊन देऊ?"

नवरदेवाने बापाच्या कानाला तोंड लावलं, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं, "बाबा, थोडं कमी सांगा ना."

"तसं... चाळीस धरा," अमृतराव पुटपुटले.

"देवके, कुंकवाचं ताट ठेवून दे व माय," दाराआडून मथुराबाई म्हणाल्या.

"छत्तीस! छत्तीस म्हनतो ना मी!"

बेचाळीस कुठून आले, हे चंपतरावांना आता बरोबर कळलं. त्यांनी अमृतरावांकडे पाहिलं, अमृतरावांनी त्यांच्याकडे. आणि दोन्ही वक्त्यांना एकदम एकमेकांचा लळा लागला. अमृतरावांनी उपरणं पुढे केलं. बैलबाजारात गुपचूप भाव ठरवताना करतात तसे दोघांचे हात त्याखाली गेले, बोटं दाबली गेली, माना हलल्या. अर्ध्या तासात दोन्ही राज्यांचं कर्ज माणशी बारा रुपयांवर उतरलं. बरोबरीचा सौदा. देवकाला कुंकू लागलं.

प्रयागबाई बोटांवर मोजत होती. "आपल्याकडचं मानशी पंधरा उतरलं की व! दोन मानसाईनं एका दुपारी केलं. एवढ्या मोठ्या सरकारले काऊन नाई जमलं?"

हे साऱ्या मांडवाला पटलं. तिथल्या तिथे दरखास्त लिहिली गेली: देशाचं कर्ज कमी करण्यासाठी या दोन्ही व्याह्यांना दिल्लीला पाठवावं, जाण्यायेण्याचा खर्च सरकारने सोसावा.

कागद सहीसाठी चंपतरावांपुढे आला. त्यांनी तो दोनदा वाचला, कपाळाला आठ्या घातल्या, टाक शाईत बुडवला आणि 'जाण्यायेण्याचा' या शब्दाच्या आधी बारीक अक्षरात घातलं, 'पहिल्या वर्गाने'. मग ऐटीत सही केली.