लुसीला विचारून सांगतो

आमच्या खोताच्या वाडीतल्या इनास अंकलना काहीही विचारलं तरी उत्तर एकच यायचं. "लुसीला विचारून सांगतो." वाडीत नवे दिवे लावायचे? लुसीला विचारून सांगतो. पापलेट घेणार की बोंबील? तेच. बायकोला विचारणारे नवरे गिरगावात कमी नाहीत. फरक इतकाच, की लुसी आंटी वारल्या त्याला दोन वर्षं झाली होती.

वाडीच्या बैठका मी बोलावते, कामांच्या याद्याही मीच करते. माझी निम्मी कामं आंटींच्या मंजुरीवाचून अडलेली असायची.

कुणा बाईने अंकलना प्लँचेट शिकवलं होतं. टेबलावर कॅरम बोर्ड, त्यावर खडूने गोलाकार लिहिलेली अक्षरं आणि मध्ये उपडी स्टीलची वाटी. वाटीवर बोट टेकून अंकल डोळे मिटायचे. वाटी सरकायची.

"बघ शुभाबाय, आली!"

मला दिसायचं ते दाबून पांढरं पडलेलं बोट. प्रश्न कोणताही असो, आंटींचं मत अंकलच्या मताशी तंतोतंत जुळायचं. जिवंतपणी ते एकदाही जुळलेलं मला आठवत नाही.

हळूहळू हसू येईना. अंकलनी चर्च सोडलं. येशूच्या तसबिरीपुढचा दिवा बंद पडला. आंटींच्या दुसऱ्या वर्षाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेलाही, ते गेले नाहीत. "मिस्सा मेलेल्यांसाठी असते. लुसी तर रोज येते," म्हणाले. जेवण ताटात वाळायचं आणि अंकल बोर्डावर वाकलेले असायचे.

एकदा दुपारी मी पाण्याच्या टाकीबद्दल विचारायला गेले, तर वाटी हलत नव्हती.

"रागावली. सकाळपासून हाका मारतोय."

"अंकल, आंटी दुपारी पडायच्या तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"काय म्हणजे? व्हरांड्यात उभा राहायचो. कोळीण आली की सांगायचो, हळू ओरड गो, लुसी झोपलीय."

"आणि आता तुम्हीच त्यांना दिवसभर उठवताय. जरा डोळा लागू देत नाही."

मला वाटलं, चिडतील. अंकलनी बोट वाटीवरून उचललं आणि ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

शनिवारी चर्चमध्ये कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला, जाताना अंकलनी मला सोबत नेलं. वाटभर कुरकुर. "फादर म्हणजे पोरगा आहे गो. त्याला काय सांगू, कॅरमवर बायको बोलावली?" मी बाहेरच्या बाकावर बसले. बराच वेळ लागला. अंकल आले ते नाक लाल करूनच.

"काय म्हणाले फादर?"

"म्हणाला, आंटीला आता काही विचारू नका. तिच्यासाठी देवाकडे मागा." थोडं चालल्यावर ते थांबले. "पण मागितलं, तर ती खरंच गेली असं होईल ना, शुभाबाय?"

एरवी माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची तजवीज असते. या वेळी पिशवीत रुमाल तेवढा होता, तो दिला.

त्याच संध्याकाळी त्यांनी मोरीत बोर्ड खसाखसा धुतला. लाकूड फुगलं, बोर्ड वाया गेला. वाटी घासून फडताळात इतर वाट्यांत लावून टाकली, आणि तसबिरीपुढे दिवा लावला.

पुढच्या बैठकीत मी दिव्यांचा विषय पुन्हा काढला. अंकल म्हणाले, "लुसीला..." आणि थबकले. सगळी बैठक थबकली.

"लावा," ते म्हणाले. "अंधारात माणूस पडतो."

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आम्ही शिवडीच्या दफनभूमीत गेलो. मेणबत्त्या, झेंडू, काडेपेटी, पाण्याची बाटली, फडकं, सगळं मी घेतलं होतं. अंकलनी आंटींची कबर पुसली, फुलं मांडली. मग माझ्या खांद्याचा आधार घेत गुडघे टेकले.

"देवा," म्हणाले, "लुसीला विश्रांती दे."

एवढं बोलायलाच त्यांना फार वेळ लागला.

शेजारच्या कबरीपाशी दोन भाऊ वाऱ्यात मेणबत्ती कुठे लावायची यावरून मोठमोठ्याने भांडत होते. अंकल तिकडे वळले. वाटीवर टेकायचं तेच बोट त्यांनी ओठांवर ठेवलं.

"हळू रे," ते म्हणाले. "लुसी झोपलीय."