सांगून येणारा हल्लेखोर

कुठल्याशा एका गल्लीत एक कारकून राहत होता, त्याची बायको राहत होती, आणि दोघांवर नजर ठेवायला कारकुनाची आई राहत होती. कारकून पाणीपट्टीच्या कचेरीत शिक्के मारायचा. माणूस इतका मऊ, की कागदाला लागेल म्हणून शिक्कासुद्धा हळूच टेकवायचा. मग तो उमटायचा नाही आणि लोक भांडायला परत यायचे. बायको औषधांच्या दुकानात कामाला. हात चलाख, जीभ त्याहून चलाख.

एक दिवस दुकानाच्या मालकीणबाई तिला म्हणाल्या, "यापुढे दुकानाची किल्ली तुझ्याकडे. उघडायचं तू, बंद करायचं तू. पण तुझ्या आधीच्या माणसाला शटर ओढताना कुणीतरी मागून ढकललं होतं, ते मी विसरले नाही. आधी स्वतःला सांभाळायला शीक. मी माझ्या डोळ्यांनी बघेन, मगच किल्ली."

आता किल्ली म्हणजे काय नुसतं लोखंड? इतकी वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेल्या बाटल्या ती काढून देत होती. किल्ली आली, की सांगणारी ती होणार होती. तिने त्याच दिवशी स्वसंरक्षणाची शिकवणी लावली.

शिकवणाऱ्या बाई बुटक्या, पण आवाज असा की खिडक्यांच्या काचा थरथराव्यात. आल्या आल्या त्यांनी जमिनीवरच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या.

"गादीवर शिकाल ते गादीवरच राहील, बायांनो! अंगावर रोजचे कपडे हवेत, पायात रोजच्या चपला, हातात पिशवी. घाबरलेलं अंग डोक्याला विचारायला जात नाही, जे घटवलंय तेवढंच करतं. म्हणून घरी तालीम करा. घरातल्या कुणाला तरी सांगा, न सांगता अंगावर या म्हणून."

बायकोने घरी येऊन हे सगळं सांगितलं. कारकुनाने हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे मी तुझ्यावर हल्ला करायचा?"

"अहो, मग काय शेजाऱ्यांना बोलावू?"

"पण हल्ला कशाबद्दल करायचा? आपलं तर भांडणही नाही."

"भांडण मी काढू शकते," बायको म्हणाली. कारकून लगेच कबूल झाला.

तर दुसऱ्या दिवसापासून हल्ले सुरू झाले. बायको ओट्याशी उभी असली, की कारकून मागून यायचा. आधी चपला काढून नीट जोडून ठेवायचा. मग चष्मा काढायचा (नवीन होता, जपायला नको?), तो पत्र्याच्या डबीत ठेवायचा आणि डबी मिटायचा, टक्! मग हलकेच खोकायचा. आणि मग धावून जायचा. जायचा कसला, सरकायचा.

बायकोचं कोपर असं काही यायचं, की कारकून थेट बादलीत. रोजच्या रोज. भिंतीकडे, दाराकडे, पिठाच्या डब्यामागे, जिथून येईल तिथून तो आडवा. कंबर धरून कचेरीत जायचा आणि छाती फुगवून सांगायचा, "आमची बायको म्हणजे वाघीण! आवाज न करता जातो मी, तरी तिला मागे डोळे असल्यासारखं कळतं."

त्याची आई कोपऱ्यात लसूण सोलत सगळं बघत होती. एकदाच म्हणाली, "अरे, चोर असा डबी मिटून येतो होय?"

"आई, तुला यातलं कळत नाही," कारकून बादलीतून म्हणाला.

परीक्षेचा दिवस आला. दुकानातच परीक्षा. शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या भावाला आणलं होतं. अंगाला जाड गाद्या बांधलेला, डोक्यावर शिरस्त्राण, सगळे त्याला ड्रमच म्हणत. मालकीणबाई गल्ल्यापाशी उभ्या. कारकून अर्धी रजा टाकून बघायला आलेला, आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायच्या म्हणून हात तयार धरून बसलेला.

बायको शटरकडे निघाली. तेवढ्यात ड्रम मागून आला आणि त्याने तिचे दोन्ही खांदे पकडले.

बायको वळली. "काय हवंय?"

ड्रम गोंधळला. "मी... हल्ला..."

"चिठ्ठी आणलीय?"

"चिठ्ठी नाही."

"चिठ्ठीशिवाय काही मिळणार नाही. आणि दुकान बंद झालंय, उद्या या."

ड्रमने खांदे सोडले आणि बहिणीकडे बघितलं. बहिणीने कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने छताकडे बघितलं. कुणाला काही समजेना.

"मला नाही बाई हे बघवत," असं म्हणून मालकीणबाईंनी आपला चष्मा काढला, डबीत घातला आणि डबी मिटली. टक्! वर त्यांना खोकलाही आला.

पुढे काय झालं ते बायकोलासुद्धा नंतर सांगता आलं नाही. कोपर गेलं. मालकीणबाई कापसाच्या गठ्ठ्यांमध्ये उताण्या पडलेल्या, आणि बायको त्यांच्यापुढे मुठी आवळून उभी!

"अगं, मी मालकीण आहे तुझी!"

"अगंबाई! मग तुम्ही खोकलात कशाला?"

मालकीणबाई कापूस झटकत उठल्या. "हिला चोर कळत नाही, मीच चोर वाटते! हिच्या हातात किल्ली द्यायची?"

बायकोचा चेहरा एवढासा झाला. शिकवणाऱ्या बाई मात्र कारकुनाकडे वळल्या. "तुम्ही घरी हल्ला कसा करता? करून दाखवा."

कारकून खुशीत उठला. चपला काढून जोडल्या. चष्मा काढला. टक्. खोकला. आणि दुसऱ्याच क्षणी तोही कापसात.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही हिला हल्ल्याची नाही, तुमच्या डबीची तालीम दिलीत! मालकीणबाई, चूक हिची नाही. जे घटवून घेतलं ते तिने चोख केलं. पंधरवडाभर द्या मला. फक्त हल्लेखोर बदलायचा."

"मग घरात कोण हल्ला करणार?" कारकून कापसातून म्हणाला.

संध्याकाळी घरी हा प्रश्न निघाला, तेव्हा सासूने लसूण ठेवलेलं सूप बाजूला सारलं. "मी करते की. सुनेवर धावून जायला काय शिकावं लागतं?"

आणि काय सांगू, म्हातारीच्या अंगात काय संचारलं! दाराआडून यायची, वाळत घातलेल्या चादरीतून यायची, बायको पिशव्या सांभाळत कुलूप काढत असली की जिन्याखालून यायची. खोकला नाही, पायरव नाही. पहिल्या दिवशी बायकोची वाचाच गेली. दुसऱ्या दिवशी ती ओरडली. मग ओरडणं मोठं होत गेलं. मग ओरडतानाच हातातली पिशवी आडवी टाकून दाराबाहेर पळायचं तिला जमायला लागलं.

"सूनबाई, मारायला थांबू नकोस," सासू धापा टाकत सांगायची. "आधी सुट आणि पळ!"

"आई, तुम्हाला लागलं तर नाही ना?"

"गप्प! चोराला विचारणार आहेस का असं?"

कारकून दोघींमध्ये उभा राहून बघायचा. या भांडतायत की शिकतायत, हेच त्याला उमगेना. एकदा सोडवायला गेला, तर दोघींनी मिळून त्याला ढकललं.

पुन्हा परीक्षा झाली, या वेळी मालकीणबाई बाहेर रस्त्यावर उभ्या राहून बघत होत्या. ड्रमने मागून हात घातला मात्र, बायको अशी किंचाळली की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. ड्रम दचकला, तेवढ्यात तिने स्टूल त्याच्या पायांत लोटलं, बाहेर उडी मारली आणि वरून शटर ओढलं. ड्रम आत, ही बाहेर. मालकीणबाईंनी तिथेच, रस्त्यावर, किल्ली तिच्या हातात ठेवली.

तेव्हापासून त्या घराचे दिवस पालटले. बायको दुकान चालवायला लागली. सासूची कीर्ती शिकवणाऱ्या बाईंच्या कानावर गेली, त्यांनी तिला शिकवणीत हल्ले करायला पगारी नेमलं. म्हातारी रोज ऐटीत रिक्षाने जायची आणि तरण्याताठ्या पोरींना घाम फोडून यायची.

कारकुनाला वाईट वाटलं. एक दिवस तो बाईंकडे गेला. "मला काहीच काम नाही का हो तुमच्याकडे?"

बाईंनी जरा विचार केला. "आहे की. तुम्हीही हल्लेखोर म्हणून या."

कारकुनाला आनंद आवरेना. कचेरीत पेढ्यांचा पुडा फिरवला. अख्ख्या कचेरीला हल्ला करून दाखवला, म्हातारा शिपाईसुद्धा वेळेवर बाजूला झाला. रात्री बायकोने विचारलं, "अहो, पण तुम्ही हल्ला नेमका कुणावर करायचा?"

"दर महिन्याच्या पहिल्या दिवशी, नव्या बायकांवर," कारकून छाती काढून म्हणाला. "बाई म्हणाल्या, त्यांना धीर यायला तुमच्यासारखाच माणूस हवा."