डोनलच्या गोठ्यातली वसुबारस

यंदाची वसुबारस फ्रिजवर चिकटवलेल्या चित्राची नाही, खऱ्या गाय-वासराची होणार, असं निहारिकाने चेरीवूडच्या समस्त मैत्रिणींना ठणकावून सांगितलं होतं. पुण्याहून इकडे परदेशी आलेल्या सासूबाई तर इतक्या खूश, की सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नाही. गाईने घास खाल्ला की मगच उपास सोडणार.

म्हातारा डोनल डोंगरापलीकडे राहायचा. आजोबांपासूनची एवढीशी शेती, चार गाई. निहारिका त्याच्याकडून अंडी न्यायची. "या की," तो म्हणाला होता, "माझी ब्रिजी गाय गरीब आहे. ग्रँड होईल." त्याच दिवशी जनावरांच्या देखभालीची सरकारी तपासणी आहे, आणि नापास झाला तर गाई विकायच्या असं लेकीने बजावलंय, हे सांगायचं मात्र तो विसरला.

निहारिकाच्या पोटाशी बांधलेली तान्ही अबोली नुकती झोपली होती, म्हणून आरतीसुद्धा कुजबुजत चालली होती. ब्रिजीच्या कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडू. शिंगं नव्हती, तेव्हा सासूबाईंनी कानातल्या पिवळ्या बिल्ल्यालाच गोंडा बांधला. इतक्यात तपासणीवाल्या बाई दारात उभ्या.

"कपाळाला काय लागलंय हिच्या? आणि तुम्ही हिच्या कोण?"

सासूबाईंनी अभिमानाने इंग्रजीत सांगितलं, "शी इज मदर."

बाईंनी ब्रिजीकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "कुणाची?"

"एव्हरीबडी."

डोनल भिंतीला टेकला.

सासूबाईंनी बाजरीची भाकरी पुढे केली.

"थांबा. स्वयंपाकघरातलं काहीही जनावराला घालायचं नाही. रोग पसरतात. कायदा आहे."

"तिला सांग, सोवळ्यात भाजलीय," सासूबाई म्हणाल्या. ब्रिजीने हातभर जीभ काढली. डोनलने डोळे मिटले. निहारिकाने झडप घातली आणि गाईचा नैवेद्य स्वतःच्या तोंडात कोंबला.

"अगं, आता माझा उपास कसा सुटायचा?"

"काय म्हणतायत त्या?" बाईंनी विचारलं. भरल्या तोंडाने निहारिकाने सांगितलं.

बाई गोठाभर फिरून आल्या. "गाई उत्तम. वासरू उत्तम. पण सकाळपासून अन्नपाण्यावाचून उभी असलेली एक म्हातारी मला या गोठ्यात आढळली. तिने काही घेतल्याशिवाय मी सही करणार नाही."

डोनल धावत चहा घेऊन आला. सासूबाईंनी कपात डोकावून पाहिलं. "यात दूध आहे. आज चालत नाही. आजच्या दुधावर हक्क वासराचा."

निहारिकाने तेही इंग्रजीत करून सांगितलं. "खरंच?" म्हणत बाईंनी पेन उघडलं. "हे आमच्या नियमांत नाही."

डोनल निहारिकाच्या कानाशी वाकला. "तुझ्या सासूला आवर गं. ही बाई हाही नियम लिहून घेतेय."